घाट उतरताना इंजिन ब्रेक का लागत नाही? टिपरच्या वायरिंगमधला बिघाड शोधण्याची रीत

सातारा जिल्ह्यातून भरलेली गाडी घेऊन कुठेही निघा, घाट चुकत नाही. कऱ्हाड-पाटणहून चिपळूणकडे जायचं तर कुंभार्ली उतरावाच लागतो, पाचगणीहून वाईला यायचं तर पसरणी, आणि पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा ओलांडला की खंडाळ्याकडचा उतार. खडी, सिमेंट किंवा मशीन लादलेली गाडी या उतारांवर नुसत्या पायाच्या ब्रेकवर उतरवली तर लायनर तापतात, ड्रम फुगतो, आणि पेडल दाबूनही गाडी धरत नाही. म्हणून इंजिन ब्रेक हवा. तो बंद पडला तर 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' म्हणायचं नाही. गाडी उभी करायची आणि बिघाड शोधायचा.

तो कसा शोधायचा, ते इथे सांगतो. वाचणारा गॅरेजमधला वायरमन असेल, क्रशरवर चार-सहा टिपर सांभाळणारा मिस्तरी असेल किंवा स्वतःची गाडी चालवणारा मालक असेल, असं धरून लिहितोय. माझं ठाम मत पहिल्यांदाच सांगतो: इंजिन ब्रेकचे विजेचे बिघाड वायर मोकळी असताना सापडत नाहीत, तिच्यातून करंट वाहत असतानाच सापडतात. मीटरचा 'बीप' ऐकून वायर पास केली आणि नवा सोलेनॉइड (करंट मिळाला की व्हॉल्व्ह उघडणारी चुंबकी कॉइल) आणून बसवला, की पैसे जातात आणि बिघाड तिथेच राहतो.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते ओळखा

आपल्याकडच्या बहुतेक टिपर आणि मिक्सर गाड्यांत एक्झॉस्ट ब्रेक असतो. सायलेन्सरच्या पाइपमध्ये एक पाकळी असते. सोलेनॉइड व्हॉल्व्हला करंट मिळाला की एअर टाकीतली हवा छोट्या सिलिंडरला जाते, रॉड पुढे सरकतो, पाकळी मिटते आणि कोंडलेला धूर इंजिनाला मागे खेचतो.

दुसरा प्रकार कॉम्प्रेशन ब्रेकचा. तो मोठ्या ट्रॅक्टर-ट्रेलर गाड्यांत आणि काही जड यंत्रांत असतो. यात सोलेनॉइड रॉकर कव्हरच्या आत बसतात. करंट मिळाला की ते इंजिन ऑइलला वाट करून देतात. त्या ऑइलच्या दाबाने कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा उघडतो आणि दाबलेली हवा बाहेर सोडली जाते. दाबायला लागलेली ताकद इंजिनाला परत मिळत नाही, म्हणून गाडी मंदावते. ही कल्पना क्लेसी कमिन्स यांची. १९३१ साली कॅलिफोर्नियातल्या कॅहोन खिंडीत उतरताना त्यांच्या ट्रकचे ब्रेक जवळपास संपले होते. त्या प्रसंगातून सुचलेला ब्रेक १९६१ मध्ये जेकब्ज कंपनीने बाजारात आणला.

दोन्ही प्रकारांत विजेचं काम एवढंच, की योग्य वेळी कॉइलला पुरेसा करंट द्यायचा. पण 'योग्य वेळ' कोणती हे ठरवणारी साखळी लांब आहे, आणि गोंधळ तिथेच होतो.

ड्रायव्हरला बसवून विचारा

मीटर काढण्याआधी दहा मिनिटं ड्रायव्हरशी बोला. ब्रेक अजिबात लागत नाही, की कमी लागतो? सकाळी लागतो आणि दुपारी सोडतो का? पावसात की गाडी धुतल्यावर? रात्री दिवे लावल्यावर? खड्ड्यात आपटल्यावर मध्येच सुटतो का? अलीकडे केबिन उचलली होती का, बॉडीचं वेल्डिंग झालं होतं का, क्लच बदलला होता का? एबीएसचा दिवा पेटलेला राहतो का?

प्रत्येक उत्तर वेगळ्या जागेकडे बोट दाखवतं. केबिन उचलल्यानंतर सुरू झालेला बिघाड बहुधा बिजागरीपाशी वाकणाऱ्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) असतो. वेल्डिंगनंतरचा असेल तर अर्थिंग किंवा ईसीयूवर (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरवर) संशय घ्या. क्लच बदलल्यावरचा असेल तर आधी पेडलचा स्विच बघा. 'फक्त रात्री' या उत्तराकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. त्याचं कारण पुढे हिशेबासह येईल.

सांगली-मिरजेकडची वापरलेली गाडी घेतली असेल तर आणखी एक प्रश्न: २०१९ किंवा २०२१ च्या पुरात ती पाण्यात होती का? पुरात बुडालेल्या गाडीचे कपलर (वायरी जोडणारे प्लग) वरून कोरडे आणि स्वच्छ दिसतात, पण आत पिनांवर हिरवी बुरशी चढलेली असते. वायरच्या आतलं तांबंही काळं पडलेलं असतं.

कामाला हात घालण्याआधी

सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना ओट, गिअर न्यूट्रल. ट्रॉली उचलून खाली जायचं असेल तर बॉडीला लोखंडी टेकू दिल्याशिवाय जायचं नाही, जॅक कितीही भरवशाचा असला तरी. एक्झॉस्ट पाइप आणि टर्बो थंड होऊ द्या. पाकळीच्या लिंकमध्ये बोट घालून कुणालाही स्विच दाबायला सांगू नका. हवेचा सिलिंडर बोट तोडतो.

बिघाड विजेचा आहे की हवेचा, ऑइलचा?

एक्झॉस्ट ब्रेकला हे तपासणं सोपं आहे. टाकीत ७-८ बार हवा भरा, इंजिन बंद करा. सोलेनॉइडचा कपलर काढा, म्हणजे बाहेरून दिलेला करंट ईसीयूमध्ये उलटा जाणार नाही. मग बॅटरीपासून फ्यूज लावलेल्या वायरने कॉइलला थेट २४ व्होल्ट द्या. प्लस-मायनस गाडीच्या नकाशाप्रमाणेच लावा, कारण काही कॉइलमध्ये डायोड असतो आणि उलटं लावलं की तो जळतो. 'टक्' आवाज, हवेची फुसफुस आणि रॉड पूर्ण सरकला, तर कॉइल, हवा आणि पाकळी ठीक आहेत. बिघाड मागच्या वायरिंगमध्ये किंवा परवानगीच्या साखळीत आहे. 'टक्' आला पण रॉड हलला नाही, तर हवेची नळी, अडकलेला व्हॉल्व्ह किंवा काजळीने जाम झालेली पाकळी बघा. मीटर बाजूला ठेवा.

कॉम्प्रेशन ब्रेकला हीच चाचणी इंजिन बंद ठेवूनच करायची, आणि तीही फक्त 'टक्' ऐकण्यापुरती. चालू इंजिनात बाहेरून करंट देऊ नका. डिझेल सुरू असताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तर नुकसान मोठं होतं.

परवानगीची साखळी

ड्रायव्हरने स्विच दाबला म्हणजे ब्रेक लागलाच पाहिजे, असं नसतं. ईसीयू आधी बऱ्याच गोष्टी बघतो: अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सुटलेला आहे का, क्लच दाबलेला नाही ना, इंजिनाचे फेरे ठरलेल्या मर्यादेच्या वर आहेत का, ऑइल पुरेसं तापलं आहे का, एबीएस त्या क्षणी ब्रेकमध्ये हस्तक्षेप करत नाही ना, पीटीओ (ट्रॉली उचलणाऱ्या पंपासारख्या यंत्राला इंजिनाची ताकद देणारी जोडणी) लागलेला नाही ना. यातली एक गोष्ट जरी 'नाही' म्हणाली, तरी कॉइलपर्यंत करंट निघतच नाही. अशा वेळी सगळी वायरिंग चांगली असून ब्रेक मेलेला वाटतो.

स्कॅनर असेल तर थेट माहितीच्या पानावर जा आणि एकेक गोष्ट हाताने तपासा. क्लच दाबा, सोडा. पडद्यावरची नोंद बदलते का? अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर खरंच शून्य येतं का, की दोन-तीन टक्क्यांवर अडकतं? पेडलखाली साचलेला मुरूम किंवा जाड रबरी मॅटही हे करू शकते. क्लच स्विचची पट्टी अर्ध्या मिलिमीटरने सरकली असेल तर ईसीयूला क्लच कायम दाबलेलाच दिसतो.

जुन्या, ईसीयू नसलेल्या गाड्यांत हीच साखळी सरळ वायरीत असते: फ्यूज, डॅशचा किंवा पायाचा स्विच, क्लचचा स्विच, पंपावरचा स्विच, रिले, कॉइल. तिथे टेस्टिंग बल्ब घेऊन एका टोकाकडून दुसऱ्याकडे चालत जायचं. बल्ब जिथे विझतो, त्याच्या आधीच्या सांध्यात बिघाड. २४ व्होल्टच्या गाडीत कुणी १२ व्होल्टचा रिले खोचलेला नाही ना, हेही बघून घ्या. रिले बाहेरून सारखेच दिसतात.

कोड वाचायचा कसा

स्कॅनरवर दिसणाऱ्या जड गाड्यांच्या बिघाडाच्या कोडमध्ये दोन आकडे असतात. पहिला कोणता भाग ते सांगतो, दुसरा काय झालं ते. १०७२ आणि १०७३ हे कॉम्प्रेशन ब्रेकचे पहिले दोन आउटपुट, १०७४ एक्झॉस्ट ब्रेकचा. ५९८ क्लचचा स्विच, ५५८ अ‍ॅक्सिलरेटरचा आयडल स्विच. दुसऱ्या आकड्यात ३ म्हणजे व्होल्टेज जास्त किंवा वायर प्लसला टेकलेली, ४ म्हणजे व्होल्टेज कमी किंवा मायनसकडे शॉर्ट, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं, ६ म्हणजे करंट जास्त किंवा वायर अर्थला टेकलेली. ७ आला तर यांत्रिक भाग प्रतिसाद देत नाही, म्हणजे बहुधा वायरमनचं काम नाही.

६ असेल तर कॉइलचा कपलर काढा आणि कोड पुन्हा वाचा. ६ जाऊन ५ आला, तर शॉर्ट कॉइलमध्येच होता. ६ तसाच राहिला, तर वायर कुठेतरी घासून चेसिसला लागलीय. आणि ५ असेल, गाडीत दोन सोलेनॉइड असतील, तर त्यांचे कपलर आपसांत बदला. कोड दुसऱ्या आउटपुटवर गेला, तर कॉइल खराब. जागचा हलला नाही, तर वायर. या दोन युक्त्यांत अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांवर येतं आणि सुटा भाग विकत आणावा लागत नाही.

फ्यूज परत परत उडत असेल तर नवे फ्यूज जाळू नका. फ्यूजच्या जागी २४ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लावा. शॉर्ट असताना तो प्रखर पेटतो. मग हार्नेस हाताने वीतभर अंतराने हलवत चला. जिथे हात लावल्यावर बल्ब मंद होतो, तिथे वायर सोललेली आहे. हा मोठा बल्ब ईसीयूच्या आउटपुट पिनेवर किंवा सेन्सरच्या वायरवर मात्र कधीही लावू नका. तो जवळजवळ ०.९ अँपिअर ओढतो आणि ईसीयूच्या आतलं आउटपुट सर्किट जळू शकतं.

व्होल्टेज कुठे सांडतंय ते मोजा

आता मुख्य काम. इंजिन चालू असताना चांगल्या गाडीत बॅटरीवर २७ ते २८.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. ते नसतील तर आधी अल्टरनेटर, बॅटरीचे टर्मिनल आणि दोन बॅटऱ्यांमधली जोडपट्टी बघा.

ते ठीक असेल तर कॉइलला कपलर लावलेलाच ठेवा आणि ब्रेक चालू स्थितीत आणा. ज्या गाडीत तो उभ्या गाडीत लागतच नाही, तिथे स्कॅनरच्या आउटपुट टेस्टने लावा. मागच्या बाजूने बारीक पिन घालून मीटरच्या तारा जोडा. वायरचं इन्सुलेशन टोचू नका. आपल्याकडच्या पावसात त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तिथेच नवा बिघाड होतो. तीन मापं घ्या. पहिलं, कॉइलच्या दोन पिनांमध्ये. दुसरं, बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या प्लस पिनेपर्यंत. तिसरं, कॉइलच्या मायनस पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. तिन्हींची बेरीज बॅटरीच्या व्होल्टेजएवढी आली पाहिजे. नाही आली, तर मोजण्यात चूक आहे. चांगल्या सर्किटमध्ये दुसरं आणि तिसरं माप अर्ध्या व्होल्टच्या आत असतं आणि एकेका सांध्यावर ०.१ च्या आसपास.

आता रात्रीचा बिघाड. समजा कॉइल ४० ओहमची आहे. हा आकडा हिशेबासाठी घेतलाय, तुमच्या गाडीचा खरा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. २७.६ व्होल्टला तिच्यातून सुमारे ०.७ अँपिअर वाहतो. कॉइलचा अर्थ चेसिसवरच्या ज्या बोल्टला आहे, त्याच बोल्टला दिव्यांचाही अर्थ आहे, आणि त्या बोल्टखाली रंग राहिल्यामुळे अर्धा ओहम विरोध आलाय. दिवसा एकट्या कॉइलचा करंट तिथून जातो, जेमतेम ०.३५ व्होल्ट सांडतात, ब्रेक लागतो. रात्री दिव्यांचे १० अँपिअर त्याच वाटेने निघाले की तिथेच पाच व्होल्टहून जास्त सांडतात आणि कॉइलला उरतात बावीसच्या आसपास.

त्यात उष्णतेची भर पडते. तांब्याचा विरोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. २५ अंशांना ४० ओहम असलेली कॉइल १०० अंशांना ५२ ओहमच्या आसपास जाते. बावीस व्होल्टला तिच्यातून ०.४२ अँपिअरच वाहतो, म्हणजे थंड कॉइलला पूर्ण व्होल्टेज असताना वाहायचा त्याच्या साठ टक्के. चुंबकाची ओढ तर करंटपेक्षाही वेगाने घटते. सोलेनॉइडच्या आतला दांडा, म्हणजे प्लंजर, अर्धवट उचलतो किंवा उचलतच नाही. ड्रायव्हर म्हणतो, 'गॅरेजमध्ये लागतो, घाटात लागत नाही.' तो खरंच सांगत असतो.

आता हाच अर्धा ओहम तुम्ही मीटरच्या ओहमवर शोधायला गेलात, तर? साध्या मीटरच्या तारांचाच विरोध ०.२-०.३ ओहम असतो. बीप तर बऱ्याच मीटरमध्ये ३० ओहमपर्यंत वाजतो. वायर पास होणार, आणि कॉइल नाहक बदलली जाणार.

म्हणून तिसरं माप दोनदा घ्या: दिवे बंद असताना आणि सगळे दिवे, इंडिकेटर, वायपर चालू असताना. आकडा उडी मारत असेल तर अर्थचा बोल्ट सापडला. कऱ्हाड-सांगलीकडे नवी बॉडी बांधून आलेल्या टिपरांत हा दोष मुद्दाम बघावा. चेसिस रंगवताना अर्थची जागा झाकायची राहून जाते आणि अर्थच्या वायरचं टोक (लग) रंगावरच आवळलं जातं. बोल्ट काढा, रंग खरवडून लोखंड चकचकीत करा, काटेरी वॉशर घाला, आवळा, मग वरून ग्रीस किंवा रंग.

दुसरं माप जास्त आलं तर प्लसच्या वाटेवर अर्धं-अर्धं करत जा. आधी फ्यूज बॉक्सपर्यंत, मग रिलेच्या ३० ते ८७ पिनांमध्ये, मग मधल्या कपलरपर्यंत. ज्या तुकड्यात व्होल्टेज सांडतंय तोच तुकडा उघडा. आणि सर्किट कुठल्या बाजूने चालतं ते नकाशात बघा. काही गाड्यांत ईसीयू प्लस देतो, काहींत प्लस कायम असतो आणि ईसीयू मायनस देतो. दुसऱ्या प्रकारात ब्रेक बंद असतानाही कॉइलच्या वायरवर २४ व्होल्ट दिसतात. तो बिघाड नव्हे.

कॉइल मोजताना

गरम कॉइल मोजून तिला बाद करू नका. थंड होऊ द्या, किंवा शेजारच्या तशाच कॉइलशी ताडून बघा. दोघींमध्ये मोठा फरक असेल तरच संशय घ्या. प्रत्येक पिन आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये विरोध मोजा. ज्या कॉइलचा अर्थ ब्लॉकवरच असतो ती सोडून, कुठेही जोड दिसता कामा नये. कव्हरच्या आतला सोलेनॉइड असेल तर कव्हरमधून बाहेर येणारा कपलर काढून आत ऑइल आहे का बघा. वायरच्या तारांमधून ऑइल झिरपत दूरच्या कपलरपर्यंत जातं.

तुटकी वायर कुठे असते

केबिनच्या बिजागरीपाशी, बॅटरी बॉक्सच्या मागे, चेसिसच्या भोकातून हार्नेस जातो तिथे रबर निघून गेलं असेल तर, आणि एक्झॉस्टजवळ क्लिप तुटून वायर लोंबली असेल तर तिथे. कोयना-पाटणच्या पावसात फिरणाऱ्या गाडीत खालच्या बाजूला तोंड असलेले कपलर आधी उघडा. क्रशरवरच्या गाडीत खडीची पूड ग्रीसमध्ये मिसळून पिना झिजवते. हार्नेस हलवताना मीटर किंवा स्कॅनर चालू ठेवा आणि आकड्याकडे बघत राहा.

सीएएन लाइनवर (गाडीतले ईसीयू एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींवर) संशय असेल, म्हणजे एकाच वेळी एबीएस, मीटर पॅनेल आणि इंजिन ब्रेक सगळे कुरकुरत असतील, तर बॅटरी कट-ऑफ करून निदान सॉकेटच्या सीएएन-हाय आणि सीएएन-लो मध्ये विरोध मोजा. ६० ओहम यायला हवा. १२० आला तर दोनपैकी एका टोकाचा रेझिस्टर किंवा वायर सुटलेली, शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना टेकलेल्या.

दुरुस्ती

दोन तारा पिळून वर टेप गुंडाळणं थांबवा. त्याच जाडीची वायर घ्या, नीट क्रिंप करा, गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा आणि सांधा वाकणाऱ्या जागेपासून लांब ठेवा. हिरवी झालेली पिन सँडपेपरने घासून परत लावू नका. वरचा मुलामा गेला की ती आणखी लवकर सडते. पिन बदला. वायरचं तांबं काळं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. चेसिसवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीचे टर्मिनल आणि ईसीयूचे कपलर काढा, आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या जागेशेजारीच लावा. धुताना प्रेशरचा फवारा कपलरवर रोखू नका.

ब्रेक सुटतच नसेल तर

हा उलटा बिघाड कमी दिसतो, पण ओल्या रस्त्यावर धोक्याचा असतो. गाडी ओढत नाही, काळा धूर येतो, इंजिन तापतं. बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि सोलेनॉइडचा कपलर काढा. इंजिन सुरू केल्यावर ब्रेक सुटला, तर रिले चिकटलाय किंवा वायर प्लसला टेकलीय. तरीही लागलेलाच राहिला, तर व्हॉल्व्ह किंवा पाकळी अडकलीय, आणि तशा गाडीचं इंजिन पुन्हा लगेच बंद करा.

चाचणी

दुरुस्ती झाली की सरळ घाटात जायचं नाही. आधी रिकामी गाडी, सपाट रस्ता. ब्रेक लागताना आणि सोडताना प्रत्येक टप्पा वेगळा जाणवला पाहिजे. मग कमी माल घालून छोटा उतार, त्यानंतरच भरलेली गाडी. उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर घ्या आणि इंजिन ब्रेक तिथेच लावून बघा. लागला नाही तर वरच थांबता येतं. भरलेल्या फेरीहून गाडी परत आली की इंजिन गरम असतानाच, सगळे दिवे लावून, तीच तीन मापं पुन्हा घ्या. प्लस आणि अर्थ दोन्हीकडे आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला, तरच गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात द्या.